भिकबाळीवाले उंदीर

ज्या माणसाने नोकरीची उमेदीची वर्षं उंदरांच्या अंगावरच्या पिसवा मोजण्यात घालवली, त्याने फराळाच्या दिवसांत वाचायच्या अंकात लिहू नये, असं माझं मत आहे. ते मी संपादकांना कळवलंही. त्यांचं उलट उत्तर आलं की वाचक प्रेमकथांना कंटाळले आहेत, पिसवांना अजून कंटाळलेले नाहीत. तेव्हा चकली खाता खाता कोणाला शिसारी आली तर तक्रार त्यांच्याकडे करावी.

ही हकिकत पन्नासनंतरच्या दशकातली, त्याच्या उत्तरार्धातली. पिंपरीला निर्वासितांच्या छावणीच्या कडेला एक रिकामी बराक होती, तिच्यात आमची प्रयोगशाळा होती. जवळच औषधांचा मोठा कारखाना नुकता सुरू झाला होता. तिथे काम मागायला आलेली माणसं पत्ता चुकून आमच्या दारात येत, ओळीने मांडलेले पिंजरे बघत, नाकाला धोतराचा सोगा लावून मागे फिरत. दारावरची इंग्रजी पाटी दोन ओळींची होती. लोक आम्हाला नुसतं 'उंदीर कचेरी' म्हणत, आणि ते पाटीपेक्षा बिनचूक होतं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे. पटवून देणं अवघड. प्लेग हा आपला रोग आहे असं माणसाला वाटतं, पण तो मुळात उंदरांचा. शेतात बिळं करून राहणारे, झुपकेदार शेपटीचे काही उंदीर असे असतात की प्लेग अंगात घेऊनही ते बऱ्याचदा जगतात. घरातला उंदीर मात्र पटकन मरतो. शेतातल्या उंदराची पिसू घरच्या उंदरावर जाते, तो मरून थंड पडला की तिला तिथे करमत नाही आणि ती माणसाकडे वळते. म्हणून प्रश्न असा, की शेतातला उंदीर घरापर्यंत येतो का, आणि किती लांबून येतो? या एका प्रश्नासाठी सरकारने अकरा माणसं, एक जीप आणि दोन सूक्ष्मदर्शक यंत्रं दिली होती. अकरातला एक मी.

चाकणजवळ महाळुंगे हे गाव आम्ही अभ्यासाला घेतलं होतं. गावाबाहेर पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली होती. संध्याकाळी शेतांच्या बांधांवर तारेचे पिंजरे लावायचे, आत तेल लावलेला भाकरीचा तुकडा. सकाळी पिंजरे गोळा करायचे. सापडलेला उंदीर पांढऱ्या कापडी पिशवीत घ्यायचा, क्लोरोफॉर्मचा बोळा दाखवायचा, आणि तो गुंगला की पांढऱ्या तबकावर धरून दात घासायच्या ब्रशाने त्याचे केस उलटे विंचरायचे. पिसवा तबकात पडतात. त्या मोजायच्या. मग वजन, शेपटीची लांबी, रक्ताचा थेंब, आणि शेवटी कानात नंबर कोरलेली धातूची बारीक कडी. उंदीर शुद्धीवर आला की जिथे पकडला त्याच बांधावर नेऊन सोडायचा. पुढे तो पुन्हा कुठे सापडतो, त्यावरून तो किती हिंडतो ते कळतं.

या शेवटच्या पायरीवर गावाची आणि शास्त्राची फारकत झाली. पहिल्या सकाळी ज्याच्या रानात आम्ही पिंजरे उघडले तो गेनबा नावाचा शेतकरी, पन्नाशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याने सगळं मन लावून पाहिलं. विंचरणं तर त्याला विशेष आवडलं. मग त्याने मला विचारलं, "भाऊसाहेब, धरला?"

"धरला."

"मोजला?"

"मोजला."

"आन आता?"

"आता सोडायचा."

"कुनाच्या रानात?"

"तुमच्याच."

तो बांधावर बसला. पायाशी पडलेलं ढेकूळ हाताने फोडलं. मग म्हणाला, "न्हाई, पन आमचं काय चुकलं?"

मी त्याला संशोधनाचा हेतू सांगितला. त्याने प्रत्येक वाक्याला मान हलवली. पुण्याहून आलेल्या माणसाला मान हलवून निरोप द्यायचा ही त्या भागातली जुनी रीत आहे, हे मला पुढे कळलं.

कानातल्या कडीला गावाने लगेच नाव दिलं, भिकबाळी. कडीवाला उंदीर तो 'पेशवा', बिनकडीचा तो 'रयत'. आमचे साहेब मुंबईचे. त्यांना कोणी समजावून सांगितलं नाही म्हणून ते रागावले नाहीत.

अडचण निराळीच आली. पिंजरे चोरीला जाऊ लागले. आमचा शिपाई श्रीपती हा खात्यातला जुना माणूस. त्याने आम्हाला न विचारता चावडीसमोर सांगून टाकलं की पिंजरा सरकारी, कडी सरकारी, आणि कडी ज्याच्या कानात तो उंदीरही सरकारी. मारील त्याला तुरुंग. पिंजरे चोरीला जायचे थांबले. असा कायदा नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण थांबलेली चोरी पुन्हा सुरू करण्यासाठी कायदा समजावून सांगायला कोण जाणार? आम्ही गप्प बसलो.

त्यानंतर महाळुंग्यात पेशव्यांना सुखाचे दिवस आले. रयत दिसली की काठी उगारली जायची, पण आधी कान बघून. एकदा कोंडाबाई नावाची म्हातारी पाटीत फडक्याखाली झाकलेला उंदीर घेऊन शेडवर आली. तिने पाटी साहेबांच्या टेबलावरच ठेवली. म्हणाली, "ह्यो तुमचा पेशवा माज्या उतरंडीत ऱ्हातोय. म्या हात लावला न्हाई. घेऊन जावा, न्हाई तर त्याच्या दान्याची सोय सरकारनं लावावी." नंबर पाहिला. उंदीर ओढ्यापलीकडच्या बांधावरचा होता. शेतातला उंदीर घरापर्यंत येतो का, या प्रश्नाचं सबंध हंगामातलं सर्वांत स्वच्छ उत्तर कोंडाबाईने पाटीतून आणलं होतं. साहेबांनी ते 'अनौपचारिक निरीक्षण' म्हणून बाजूला ठेवलं, कारण कोंडाबाई आमच्या पिंजऱ्यांच्या आखणीत बसत नव्हती.

साहेबांबद्दल सांगायला हवं. विलायतेत शिकलेले, हाताने फार हलके; उंदराची प्लीहा अशी काढायचे की उंदराला वाईट वाटू नये. कोणावर आवाज चढवला नाही. फक्त त्यांचं एक दुःख होतं. आम्ही प्लेगचं संशोधन करत होतो आणि प्लेग सापडत नव्हता. डीडीटीच्या फवाऱ्यांमुळे म्हणा, नशिबाने म्हणा, तो भाग सोडून गेला होता. रोज सकाळी एकामागून एक धडधाकट उंदीर तबकात येत. "सुदृढ आहे, साहेब," असं सांगताना मला पाहुण्याला चहा संपल्याचं सांगितल्यासारखं व्हायचं. त्यातच मुंबईहून पत्र आलं की रोगाचा मागमूस नसेल तर वर्षअखेर योजना गुंडाळावी. त्या दिवसापासून सरकारची अकरा माणसं आजारी उंदराची वाट पाहू लागली. श्रीपतीने देवीला नवस केल्याचं ऐकलं. कसला ते मी विचारलं नाही. माझं बिऱ्हाड चिंचवडला भाड्याच्या दोन खोल्यांत होतं, दोन मुली शाळेत होत्या. मी नवस केला नाही, पण पिंजरे जरा जास्त आशेने उघडायला लागलो, एवढं खरं.

माघात गेनबाच्या थोरल्या मुलीचं, हौसाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा खेडचा, राजगुरुनगर हे नाव तेव्हा लोकांच्या तोंडी बसलं नव्हतं. शाळूची कणसं खळ्यावर येऊन पडली होती, लग्नाचं धान्य त्यातूनच निघायचं होतं. अशात गावात उंदीर पडायला लागले. एक गोठ्यात, एक कौलावरून अंगणात, तीन गल्लीत. उंदीर पडले की काय करायचं हे त्या गावाला कोणी शिकवावं लागत नव्हतं. म्हाताऱ्यांनी आपल्या लहानपणी दोनदा गाव रिकामं झालेलं पाहिलं होतं. दुपारपर्यंत गाड्यांवर वळकट्या आणि हंडे चढले, माळावर कडब्याच्या झोपड्या उभ्या राहायला लागल्या. खेडला बातमी पोचली. तिकडून निरोप आला की महामारी असेल तर हे लग्न होणार नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणायलाही ते तयार नव्हते.

आमच्या कचेरीत त्या दिवशी काय वातावरण होतं ते लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहायची जास्त वाटते. जणू दिवाळी होती. साहेबांनी सगळ्यांना स्वतः चहा पाजला. माझ्या मुलींची नावं विचारली. चार वर्षांत प्रथमच.

आम्ही अठरा मेलेले उंदीर गोळा केले, फाडले, प्लीहेचा रस काचपट्टीवर घेऊन रंगवला. साहेबांना यंत्राखाली दोन्ही टोकांना ठिपके असलेले प्लेगचे जंतू दिसल्यासारखे वाटले. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला तसं वाटलं नाही, मग साहेबांनी त्याला पुन्हा बघायला लावलं, आणि तिसऱ्यांदा बघितल्यावर त्यालाही वाटलं. तो रस गिनीपिगांना टोचला. ते मेले की प्लेग. जगले की नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि लग्न आठवड्यावर आलं होतं.

एक गोष्ट मला खटकली. त्या भागातल्या उंदरांपैकी निम्म्याच्या आसपास कडीवाले होते. मग मेलेल्या अठरांत एकाच्याही कानात कडी कशी नाही? नाणं अठरा वेळा उडवावं आणि अठराही वेळा काटाच पडावा, तसं झालं. मी हिशेब मांडून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे आपण हाताळलेले उंदीर मरत नाहीत."

संध्याकाळपर्यंत सिद्धान्त तयार झाला. क्लोरोफॉर्म, सुईचं टोचणं आणि पकडले जाण्याचा धक्का यांनी उंदराच्या अंगी काहीतरी प्रतिकारशक्ती येते. साहेब लिहायला बसले. मथळाच चार ओळींचा झाला. मी कौतुकाने बघत राहिलो; माझ्या हिशेबाचा उल्लेख तळटीपेत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेनबा शेडवर आला. हातात टोपली, वर कडुनिंबाचा पाला. त्याने टोपली जमिनीवर ठेवली आणि साहेबांच्या समोर उभा राहिला. म्हणाला, "सायेब, हे तुमचं. नऊ हायती."

पाला काढला. नऊ उंदीर, मातीने भरलेले, प्रत्येकाच्या कानात कडी.

"म्या औशीद घातलं," गेनबा म्हणाला. "चाकनच्या बाजारातनं आनलं, काळं. गुळात आन पिठात मळलं. लेकीच्या लग्नाचं धान्य खळ्यावर व्हतं, किती खाऊ द्यायचं? रयत पडली ती पडली. पन भिकबाळीवालं म्या समदं वेचून बांधाला पुरलं. सरकारी जिवाला मारलं म्हून. आता मला कुठं न्यायचं तिथं न्या. पन महामारी न्हाई, येवढं माज्या व्याह्याला सांगा."

एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्यानेही स्वतःला ऐकलं नसावं. बोलून झाल्यावर तो दमल्यासारखा खाली बसला.

साहेबांनी चिमट्याने एकेक कडी काढून नंबर वाचले. नऊच्या नऊ आमचे. चार ओळींचा मथळा टेबलावर पडला होता, तो त्यांनी हळूच पालथा केला. नंतर आम्ही ते केलं जे आधी करायला हवं होतं. प्लेग प्लीहेत शोधतात, म्हणून सतरा उंदरांची जठरं आम्ही न उघडताच टाकून दिली होती. अठराव्याचं उरलेलं धड तेवढं बाटलीत ठेवलं होतं. त्यातलं जठर उघडलं. आत काळपट पिठाचे गोळे, आणि औषधाचा लसणासारखा वास बाटलीतल्या द्रावणाच्या वासातूनही आला.

मी म्हणालो, "विष आहे, साहेब."

"विष आहे," साहेब म्हणाले. "पण पोटात विष आहे म्हणून प्लीहेत प्लेग नाही, असं सिद्ध होत नाही."

यात तर्काची चूक काढता येत नाही. मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला. प्लेग झालेला उंदीर विषही खाऊ शकतो, आणि बसखाली सापडून मेलेला माणूस क्षयीही असू शकतो.

गेनबाने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी त्याला सांगितलं की गिनीपिगांचं काय होतं ते पाहिल्याशिवाय काही म्हणता येणार नाही, आणि कबुलीवरून निष्कर्ष काढायला ही चावडी नव्हे. गेनबाला त्यातलं 'चावडी' तेवढं कळलं. तो म्हणाला, "चावडीवं जाऊ का मंग?" मी त्याला बाहेर नेऊन घरी पाठवलं. उंदीर मारल्याबद्दल तुरुंग होत नाही, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. ती मान मला ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी खेडहून त्याचे होणारे व्याही आले. महादबा त्यांचं नाव, अंगाने भरलेले, डोक्याला लाल पागोटं, बाजारात बैलाचे दात बघणाऱ्या माणसाची नजर. गेनबाने केलेलं त्यांनी ऐकलं होतं, पण पोरीचा बाप लग्नासाठी काहीही कबूल करील, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं. साहेबांनी दहा मिनिटं इतकं शुद्ध आणि इतकं अधांतरी उत्तर दिलं की मलाही शेवटी कळेना प्लेग आहे की नाही.

महादबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सायेब, तुमी त्या लग्नात जेवाल का?"

"मी लस टोचून घेतलेली आहे. माझ्या जेवण्याने काहीच सिद्ध होत नाही."

"मंग बाईसाहेबांना आना. लेकरं बी आना. त्यांना टोचलंय?"

साहेब चष्मा पुसायला लागले.

"लई सोपं हाय," महादबा म्हणाले. "तुमचं घर मांडवात जेवलं, तर माजं वऱ्हाड आत शिरंल. न्हाई आलं, तर आमी शिवंवरनं माघारी." आणि जाता जाता त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमाला किती लेकरं, भाऊसाहेब?"

प्रयोगाची आखणी कशी करावी यावर मी पुढे बरीच व्याख्यानं ऐकली. इतकी कमी साधनं आणि इतका नेमका प्रश्न कुठे आढळला नाही.

त्या संध्याकाळी घरी मी आमच्या मंडळींना, म्हणजे मुलींच्या आईला, सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "प्लेग नाही हे नक्की?"

मी म्हणालो, "नक्की असं काही नसतं. शंभरात पंचाण्णव."

"आणि उरलेल्या पाचात आपल्या दोघी बसतात का?"

मी म्हणालो की हिशेब तसा करत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग कसा करतात?" मी सांडलेले ज्वारीचे दाणे वेचायला लागलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गेनबा खोटं बोलला असेल असं वाटतं?" मी म्हणालो, तुरुंगात जाईन असं समजून माणूस खोटं बोलत नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मुलींचे परकर-पोलके काढायला उठल्या.

लग्नाच्या दिवशी आम्ही बसने चाकणला उतरलो. गेनबाने बैलगाडी पाठवली होती. गावाच्या शिवेवर, बाभळीखाली, खेडचं वऱ्हाड थांबलं होतं. नवरदेव घोड्यावर, वाजंत्रीवाले जमिनीवर बसलेले, बायका पदर डोक्यावर ओढून उन्हात उभ्या. पलीकडे गेनबा हातात पूजेचं तबक घेऊन. किती वेळ उभा होता कोण जाणे, तबकातलं कुंकू वाऱ्याने अर्धं उडालं होतं. महादबांनी आमची गाडी पाहिली. मुली पाहिल्या. "सायेब?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"तुमी आलात, बरं वाटलं. पन तुमी चाकर मानूस. तुमाला यावंच लागतं."

हे अगदी उलट होतं; साहेबांना न विचारता आलो होतो, आणि सोमवारी त्याचा जाब द्यावा लागणार होता. पण मी खुलासा करण्याआधीच आमच्या मंडळी गाडीतून उतरल्या, दोन्ही मुलींचे हात धरले आणि कोणाकडेही न बघता शीव ओलांडून गावात चालू लागल्या. वऱ्हाडातल्या दोन-तीन बायका त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. एकीने पाऊल उचललं. महादबांनी तिच्याकडे पाहताच मागे घेतलं.

तेवढ्यात चाकणच्या बाजूने धूळ दिसली. जीप होती. साहेब पुढे, मागे बाईसाहेब, जरीच्या साडीत, आणि दोन मुलगे, बूट-मोजे घातलेले. साहेबांनी उतरून सगळ्यांना नमस्कार केला, जणू रोजच असं येण्याची सवय आहे. महादबांनी दोन्ही मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला. मग वाजंत्रीवाल्यांकडे मान केली. माझ्या दोन मुली एका पारड्यात घालून जे हललं नव्हतं, ते दोन जोडी बूट-मोज्यांनी हललं. मी हिशेबी माणूस आहे. याचा मला राग आला नाही, फक्त नोंद करून ठेवली.

अक्षता पडल्या. पंगतीत साहेब माझ्या समोर होते. लापशी त्यांनी दोनदा मागून घेतली. बाईसाहेब भात कालवून धाकट्याला भरवत होत्या. गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, माळावरून आता परत यायचं का, तर साहेब घास गिळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "खुशाल या. काळजीचं काही कारण नाही." इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी पूर्वी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

जेवणं उरकली, मुलगी गाडीत बसली, गाडी वळणापलीकडे गेली. हौसाची आई दाराशी रडत होती. साहेब जीपजवळ गेले, तेव्हा गेनबा तिथे आधीच उभा होता. नवं धोतर नेसलेला, खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेलं भाकरीचं गाठोडं.

"चला, सायेब," तो म्हणाला. "लेकीचं पार पडलं."

साहेबांना कळेना. मी त्यांना सांगितलं की हा आपल्याबरोबर तुरुंगात जायला निघाला आहे, भिकबाळीवाल्यांबद्दल. तुरुंगाची थाप मारणारा श्रीपती जीपमधूनच आला होता, तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. साहेबांना हसू आलं. ते लापशी खाऊन खुशीत होते, भोवती माणसं होती, बाईसाहेबही बघत होत्या. त्यांनी गेनबाच्या खांद्यावर थाप मारली. "आत्ता नाही रे बाबा," ते म्हणाले, "नंतर बघू."

सगळे हसले. जीप गेली. गेनबा घोंगडी सांभाळत बाजूला झाला.

सोमवारी मला कोणी काही विचारलं नाही. साहेबांनी अहवाल सांगितला, मी उतरवून घेतला. महाळुंगे येथील उंदरांचे मृत्यू संशयास्पद. विषाची शक्यता नाकारता येत नाही, तसेच रोगाचीही. अधिक अभ्यास आवश्यक. मी लिहिता लिहिता थांबलो. साहेब म्हणाले, "यात खोटं काय आहे?" मी शब्दन् शब्द पुन्हा वाचला. खोटं काही नव्हतं. गिनीपिग मेले नाहीत. फार चांगले पोसले आणि त्यांना पिल्लं झाली. ते पुरवणी अहवालात गेलं. योजनेला मुदतवाढ मिळाली, अकरा जागा राहिल्या, माझ्या मुली त्याच शाळेत राहिल्या. घरी सांगितलं तेव्हा मंडळी म्हणाल्या, "म्हणजे पुढचं वर्ष आपण नसलेल्या प्लेगवर जेवायचं," आणि पान वाढलं.

मुदतवाढीच्या त्या वर्षात आम्ही महाळुंग्याला पुन्हा पिंजरे लावले. गेनबाच्या बांधांवर पेशवे इतके वाढले की कड्या कमी पडल्या; त्याने पुन्हा कधी औषध घातलं नाही. आमची जीप गावात शिरली की तो खुंटीवरची घोंगडी काढायचा आणि ओट्यावर येऊन बसायचा. मी दर वेळी जाऊन सांगायचो की गेनबा, असा कायदा नाही, तुला कोणी नेणार नाही, घोंगडी आत ठेव.

"तुमी म्हनता ते बराबर हाय, भाऊसाहेब," तो म्हणायचा. "पन सायेब म्हनलं, नंतर बघू."

आणि जीप गावाबाहेर पडेपर्यंत तो तिथेच बसून राहायचा.